पोट भरलं की झाड हाक मारत नाही! मातीखाली मुळं आणि बुरशी एकमेकांशी कसं 'बोलतात'?

पावसाळा तोंडावर आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या नर्सऱ्यांमध्ये गर्दी वाढते. गॅलरीतल्या कुंड्यांसाठी माती, कोकोपीट, शेणखत घेताना हल्ली आणखी एक पाकीट पुढे केलं जातं. त्यावर लिहिलेलं असतं 'मायकोरायझा'. एक चमचा मातीत टाका, मुळं जोरात वाढतील, असं सांगितलं जातं. त्याच पिशवीत बऱ्याचदा १९:१९:१९ सारखं पाण्यात विरघळणारं खतही घरी येतं.

गंमत अशी की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात काम करू शकतात. पाकिटातली बुरशी झाडाच्या हाकेची वाट बघत असते. आणि भरपूर खत मिळालेलं झाड हाक मारायचंच बंद करतं.

ही हाक म्हणजे नेमकं काय? ती कोण ऐकतं? आणि ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचरापासून तुमच्या गॅलरीतल्या कुंडीपर्यंत तिचा काय संबंध आहे? समजून घेऊया.

ही बुरशी म्हणजे कोणती?

बुरशी म्हटलं की आपल्याला पावावरचा हिरवा थर आठवतो, किंवा पावसात उगवणारी कुत्र्याची छत्री. मुरबाड-शहापूरच्या बाजूला पावसाळ्यात रानातून अळंबी विकायला येते, तीही बुरशीच. पण वारुळांवर उगवणाऱ्या त्या अळंबीची भागीदारी वाळवीशी असते, झाडाच्या मुळांशी नाही.

आपण ज्या बुरशीबद्दल बोलतोय ती जमिनीवर कधीच छत्री काढत नाही. ती मातीत आणि मुळांच्या आतच राहते. साध्या डोळ्यांनी ती जवळपास दिसत नाही. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर मुळाच्या पेशींमध्ये झुडपासारख्या बारीक फांद्या फुटलेल्या दिसतात. या फांद्यांना 'आर्बस्क्यूल' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो छोटं झाड.

'मायकोरायझा' हा शब्द १८८५ मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने वापरला. ग्रीक भाषेतल्या 'बुरशी' आणि 'मूळ' या दोन शब्दांची ती जोडणी आहे. मायकोरायझाचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे हा झुडपासारख्या फांद्यांचा. जमिनीवरच्या सुमारे ७० टक्के वनस्पतींच्या मुळांत तो सापडतो. भात, नाचणी, ज्वारी, वाल, मिरची, टोमॅटो, आंबा, साग, तुळस हे सगळे त्यात येतात. मोहरी, कोबी, मुळा, पालक आणि बीट मात्र या भागीदारीत सहसा नसतात.

ही दोस्ती किती जुनी आहे? स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांत अशा फांद्या दिसल्या आहेत. त्या वनस्पतींना आजच्यासारखी मुळंही नव्हती. म्हणजे झाडांना नीट मुळं फुटायच्या आधीपासून ही बुरशी त्यांच्या सोबत आहे.

झाडाला बुरशीची गरज का पडते?

याचं मुख्य कारण आहे फॉस्फरस, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत स्फुरद. डीएपीच्या गोणीवर १८:४६ लिहिलेलं असतं. त्यातला ४६ हा आकडा स्फुरदाचा.

नत्र पाण्यासोबत मातीत सहज फिरतं. स्फुरद फिरत नाही. कोकणातल्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, काळ्या मातीत कॅल्शियम धरून ठेवतं. त्यामुळे मातीत स्फुरद असूनही झाडाला तो मिळत नाही. मूळ आपल्या अगदी जवळचा, एक-दोन मिलीमीटर अंतरावरचा स्फुरद शोषून घेतं आणि मग त्याच्याभोवती एक रिकामा पट्टा तयार होतो. नवा स्फुरद तिथपर्यंत फार हळू पोहोचतो.

बुरशीचे तंतू हा रिकामा पट्टा ओलांडून जातात. त्यांची जाडी मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. जिथे मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या फटींत ते शिरतात आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर लांबून स्फुरद आणून देतात. निरोगी मातीच्या एका ग्रॅममध्ये असे तंतू काही मीटर लांबीचे असू शकतात.

त्या बदल्यात झाड बुरशीला अन्न देतं. पानांनी बनवलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा बुरशीकडे जातो, असा अंदाज आहे. झाडाच्या दृष्टीने हा खर्च मोठा आहे. म्हणून गरज असेल तेव्हाच तो करणं परवडतं. इथेच रासायनिक निरोपांचं काम सुरू होतं.

पहिली हाक: स्ट्रायगोलॅक्टोन

स्फुरदाची टंचाई जाणवली की झाड मुळांवाटे मातीत काही रेणू सोडतं. त्यांचं नाव स्ट्रायगोलॅक्टोन.

२००५ मध्ये जपानमधल्या कोहकी अकियामा आणि हिदेओ हायाशी यांच्या गटाने 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की याच रेणूमुळे बुरशीच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. मुळाजवळ कुठला तरी 'फांद्या फुटवणारा' पदार्थ असतो, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. तो पदार्थ कोणता, हे या संशोधनातून कळलं.

पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी ज्वारीच्या मुळांतून असा रेणू वेगळा केला आणि बुरशीवर वापरून पाहिला. तासाभरात बुरशीच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, वाढल्या आणि वेगाने हलू लागल्या. झोपलेला माणूस खडबडून उठावा तसं.

यासाठी किती रेणू लागले? ऑलिम्पिकच्या मापाच्या पोहण्याच्या तलावात मिठाचे एक-दोन कण टाकावेत, इतक्या विरळ प्रमाणातही बुरशीने प्रतिसाद दिला.

हे रेणू मातीत फार काळ टिकत नाहीत. पाण्यात ते लवकर मोडतात. ऐकायला हा दोष वाटतो, पण याचा फायदा आहे. रेणू टिकत नसल्यामुळे तो फक्त जिवंत मुळाच्या अगदी जवळच सापडतो. बुरशीच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे: जवळच एक मूळ आहे, ते जिवंत आहे आणि त्याला मदत हवी आहे.

बुरशीसाठी ही माहिती जीवनमरणाची असते. ही बुरशी मुळाशिवाय आपलं आयुष्य पूर्ण करू शकत नाही. तिच्या बीजाणूत थोडीशीच शिदोरी असते. ती संपायच्या आत मूळ सापडलं नाही तर तिची वाढ थांबते.

बुरशीचं उत्तर काय असतं?

हाक ऐकून बुरशी नुसती धावत येत नाही. तीही उत्तर पाठवते. झाडालाही खात्री हवी असते, कारण मातीत रोग आणणाऱ्या बुरशीही असतात. दार कुणासाठी उघडायचं, हा झाडापुढचा खरा प्रश्न आहे.

सगळ्या बुरशींच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. खेकडा आणि कोळंबीच्या कवचात असतो तोच. कायटिनचे लांब तुकडे समोर आले की झाड सावध होतं आणि बचावाची तयारी करतं. मैत्रीच्या बुरशीकडून मात्र कायटिनचे आखूड तुकडे येतात, चार-पाच कड्यांचे. त्यासोबत काही तुकड्यांना तेलकट शेपटी जोडलेली असते. २०११ मध्ये तुलूझच्या गटाने हे शेपटीवाले रेणू ओळखले, तर आखूड तुकड्यांचं काम २०१३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मांडलं.

हे रेणू मुळाला पोहोचले की मुळाच्या पेशींमध्ये एक लक्षणीय गोष्ट घडते. पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमचं प्रमाण ठरावीक तालात वर-खाली होऊ लागतं. दारावरच्या ओळखीच्या टकटकीसारखं. हा ताल ओळखणारं एक प्रथिन पेशीत असतं. ते जागं झालं की पुढची जनुकं कामाला लागतात.

आता वालाचं उदाहरण घेऊया. ठाणे-रायगडच्या भागात भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो. वालाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला मिळवून देतात. हे जिवाणू झाडाला पाठवतात तो निरोपही शेपटीवाल्या कायटिन तुकड्यांचाच असतो आणि झाडाच्या पेशीत तोच कॅल्शियमचा ताल सुरू होतो. बुरशीची दोस्ती ४० कोटी वर्षांहून जुनी आहे, गाठींची दोस्ती त्यामानाने बरीच नवी. म्हणजे कडधान्यांनी बुरशीसाठी बनलेली जुनी यंत्रणाच पुढे जिवाणूंसाठी वापरात आणली.

दार उघडल्यावर आत काय होतं?

ओळख पटली की मुळाची पेशी स्वतःच्या आत एक बोगदा तयार करते आणि बुरशी त्या बोगद्यातून पुढे जाते. म्हणजे घरात कुठून यायचं, कुठपर्यंत यायचं, हे यजमान ठरवतो. पुढे आतल्या पेशींमध्ये झुडपासारख्या फांद्या फुटतात आणि त्यांच्याभोवती झाडाचं पातळ आवरण असतं. देवाणघेवाण या आवरणातून होते.

बुरशीला साखर मिळते, हे शास्त्रज्ञ पूर्वीपासून मानत होते. २०१७ मध्ये 'सायन्स'मधल्या संशोधनांतून आणखी एक गोष्ट पक्की झाली. झाड बुरशीला स्निग्ध पदार्थही पुरवतं. या बुरशीकडे स्निग्ध पदार्थ पहिल्यापासून तयार करण्याची जनुकंच नाहीत. त्या बाबतीत ती पूर्णपणे झाडावर अवलंबून आहे.

आणि हा व्यवहार आंधळा नाही. स्फुरद आत घेणारं झाडाचं एक विशिष्ट प्रथिन बंद पाडलं, तर आर्बस्क्यूल वेळेआधीच मोडून पडतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. माल पोहोचला नाही तर दुकान बंद. २०११ मध्ये टोबी कियर्स यांच्या गटाने दाखवलं की जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीला झाड जास्त अन्न देतं. उलट बाजूने, जास्त साखर देणाऱ्या मुळाकडे बुरशी जास्त स्फुरद वळवते.

पोट भरलं की काय होतं?

आता सुरुवातीच्या खताच्या पिशवीकडे येऊया.

झाडाच्या पेशींत स्फुरदाचा हिशोब ठेवणारी प्रथिनं असतात. २०२१ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी भातावर केलेल्या संशोधनातून कळलं की स्फुरदाची टंचाई ओळखणारी यंत्रणाच बुरशीशी दोस्ती करणाऱ्या जनुकांची कळ दाबते. टंचाई असेल तर कळ चालू. स्फुरद भरपूर असेल तर कळ बंद. मग स्ट्रायगोलॅक्टोन कमी सोडलं जातं, बुरशीला हाक जात नाही आणि ती आलीच तरी तिला आत फारशी जागा मिळत नाही.

झाडाच्या बाजूने हा शहाणपणाच आहे. आयतं मिळत असताना मजुरी कशाला द्यायची? अडचण नंतर येते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतो, पण जमिनीत पडल्यावर त्यातला बराचसा मातीकडून बांधला जातो आणि त्या हंगामात पिकाच्या हाती लागत नाही. दरवर्षी खत टाकल्यावर पीक बुरशीला बोलवत नाही आणि मातीत बांधला गेलेला स्फुरद तसाच पडून राहतो. तो शोधून आणण्यात बुरशीची मदत झाली असती.

याचा अर्थ शेतकऱ्याने खत बंद करावं असा नाही. पिकाला स्फुरद लागतोच आणि नुसत्या बुरशीवर पूर्ण उत्पन्न मिळेल असं नाही. मुद्दा प्रमाणाचा आहे. माती परीक्षणात स्फुरद पुरेसा दिसत असेल, तर सवयीने टाकलेली जास्तीची गोणी दोन खर्च करते: एक खिशातला आणि दुसरा मातीतल्या भागीदारीचा.

भाताच्या फुटव्यांशी याचा काय संबंध?

स्ट्रायगोलॅक्टोनचं काम फक्त मातीत हाक मारण्याचं नाही. २००८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की हाच रेणू झाडाच्या आत संप्रेरक म्हणून काम करतो आणि नव्या फांद्यांना आवर घालतो. भाताच्या बाबतीत फांद्या म्हणजे फुटवे.

स्फुरद कमी असलेल्या खाचरात भाताला फुटवे कमी येतात, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. त्यामागे हाही रेणू आहे. टंचाईच्या काळात एकच निरोप दोन दिशांना जातो. वर कोंबांना सांगितलं जातं, आत्ता थांबा. खाली बुरशीला सांगितलं जातं, लवकर या.

'बाला' नावाच्या एका भारतीय भातजातीत हा रेणू बनवणारी काही जनुकं गळालेली आहेत. त्यामुळे तिच्यात स्ट्रायगोलॅक्टोन कमी तयार होतं आणि फुटवे भरपूर येतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे समोर आलं. म्हणजे जास्त फुटव्यांसाठी भाताची जात निवडताना, मातीतल्या हाकेवरही नकळत परिणाम होऊ शकतो.

ठाणे जिल्ह्यातल्या शेतात चित्र काय आहे?

कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, अंबरनाथ या तालुक्यांमध्ये खरिपाचं मुख्य पीक भात. लावणीनंतर खाचरात पाणी साठवलं जातं. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू कमी होतो आणि या बुरशीला प्राणवायू लागतो. पाणी भरलेल्या भातात मुळांमधली बुरशी बरीच घटते, हे प्रयोगांत दिसलं आहे. ती नाहीशी होत नाही, पण मागे हटते.

डोंगरउताराच्या वरकस जमिनीवरची गोष्ट वेगळी. तिथे नाचणी आणि वरी घेतात. पाणी साठत नाही, माती उथळ असते, खतही कमी पडतं. अशा ठिकाणी बुरशीच्या मदतीला जास्त वाव असतो. भात निघाल्यावर खाचरात वाल येतो, तेव्हा मातीत पुन्हा हवा खेळते आणि बुरशीला पुढच्या हंगामापर्यंत जिवंत मुळं मिळतात. जमीन नुसती पडीक ठेवण्यापेक्षा हे तिच्यासाठी चांगलं.

भाताबद्दलचा आणखी एक शोध ठाणेकरांना जवळचा वाटेल. इथे भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळतात आणि त्या जागी पुढे रोपं टाकतात. जळालेल्या वनस्पतींच्या धुरात कॅरिकिन नावाचे रेणू असतात. अनेक वनस्पतींची बियाणी त्यांच्यामुळे रुजायला लागतात. हे रेणू ओळखणारं एक प्रथिन भातातही असतं. २०१५ मध्ये केंब्रिजच्या उटा पाश्कोव्स्की यांच्या गटाने दाखवलं की हे प्रथिन नसलेला भात बुरशीला ओळखतच नाही. बुरशी शेजारी असूनही मूळ काहीच प्रतिसाद देत नाही.

यावरून राबाचा धूर बुरशीला मदत करतो, असं मात्र सिद्ध होत नाही. उलट आगीची आच मातीच्या वरच्या थरातल्या बुरशीला मारक ठरू शकते. धूर ओळखण्याची आणि बुरशीला ओळखण्याची यंत्रणा एकाच प्रथिनावर टेकलेली आहे, एवढंच आज ठामपणे म्हणता येतं.

खाडीकडे वळलं तर तिथेही ही बुरशी भेटू शकते. खारट, चिखलाच्या मातीत ती तग धरणार नाही असं वाटतं. पण गोव्यातल्या कांदळवनांत ती सापडल्याची नोंद गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली आहे.

ही हाक चोरून कोण ऐकतं?

स्ट्रायगोलॅक्टोन हे नाव आलं 'स्ट्रायगा'वरून. मराठीत या वनस्पतीला टारफुला म्हणतात. घाटावरच्या ज्वारीच्या शेतकऱ्याला हे नाव चांगलं माहीत आहे. टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगतो. जमिनीच्या वर तो दिसायच्या आधीच त्याने पिकाचं अन्न-पाणी चोरायला सुरुवात केलेली असते.

टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ते वाट बघतं कशाची? त्याच हाकेची. १९६६ मध्ये शास्त्रज्ञांनी स्ट्रायगाचं बी रुजवणारा रेणू कापसाच्या मुळांतून शोधून काढला, तेव्हा तो असा घातक ठरणारा रेणू झाड मुळात सोडतंच का, हे कोडंच होतं. त्याचं उत्तर मिळायला २००५ उजाडलं. झाड बुरशीला बोलवत होतं आणि टारफुला ते मधल्या मध्ये ऐकत होता.

भुकेल्या जमिनीत टारफुला जास्त का माजतो, याचं एक कारण यातून कळतं. स्फुरद कमी, म्हणून हाक मोठी. हाक मोठी, म्हणून चोरही जास्त.

मग हाक बंद करायची का? तसं केलं तर बुरशीही जाईल. ज्वारीच्या काही जातींनी वेगळा मार्ग काढला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, एका जनुकातल्या बदलामुळे या जाती थोड्या वेगळ्या घडणीचं स्ट्रायगोलॅक्टोन सोडतात. टारफुल्याच्या बियांना ते नीट 'ऐकू' येत नाही. या घडणीच्या रेणूला बुरशी मात्र प्रतिसाद देते. हाक तीच, फक्त बोली बदललेली. टारफुल्याला तोंड देणाऱ्या ज्वारीच्या जाती घडवताना हे ज्ञान उपयोगी पडतं.

म्हणजे झाडं एकमेकांशी बोलतात का?

समाजमाध्यमांवर तुम्ही कदाचित पाहिलं असेल: जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आईझाड पिल्लांना जेवण पाठवतं, वगैरे. या चर्चेला जोर आला तो कॅनडातल्या सुझान सिमार्ड यांच्या १९९७ मधल्या संशोधनापासून. एका झाडातलं कार्बन दुसऱ्या झाडात पोहोचतं, हे त्यांनी जंगलात मोजलं होतं.

२०२३ मध्ये याच विषयातल्या तीन शास्त्रज्ञांनी उपलब्ध पुरावे तपासले. प्रत्यक्ष जंगलात बुरशीच्या जाळ्यातून झाडं एकमेकांना मोठ्या प्रमाणावर अन्न किंवा इशारे पाठवतात, याला पुरेसा आधार नाही, असं त्यांनी मांडलं. शिवाय ते संशोधन थंड प्रदेशातल्या वेगळ्या प्रकारच्या मायकोरायझावरचं आहे. येऊरच्या जंगलातल्या सागावर ते जसंच्या तसं लागू करता येत नाही.

एक झाड आणि त्याच्या मुळातली बुरशी यांच्यातला रासायनिक संवाद मात्र रेणू, जनुकं आणि प्रयोग यांच्या आधारावर पक्का उभा आहे. त्यात माया-ममता शोधायची गरज नाही. दोघांची गरज आणि दोघांचा हिशोब त्यात आहे.

मग ते पाकीट घ्यायचं की नाही?

कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे एकेकाळी भातखाचरं होती, तिथे आज टॉवर आहेत. इमारत उभी राहताना वरची सुपीक माती खणून निघते, मुरूम टाकला जातो, वरून रोलर फिरतो. तंतूंचं जाळं तुटतं आणि जिवंत मुळंही उरत नाहीत. सोसायटीच्या आवारात लावलेली रोपं अशा जमिनीत तगत नाहीत, त्यामागे पाणी आणि घट्ट दाबलेली माती यांच्यासोबत हेही एक कारण असू शकतं. अशा जागी बाहेरून बुरशी देण्याला अर्थ आहे. कोकोपीटच्या कुंडीतही ती आपोआप फारशी नसते.

पण चांगल्या, जिवंत मातीत बुरशी आधीच असते. तिथे पाकिटाने किती फरक पडेल हे सांगणं कठीण. स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या ५४ शेतांत ही बुरशी देऊन पाहिली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, काही ठिकाणी वाढ ४० टक्क्यांपर्यंत सुधारली, तर काही ठिकाणी १२ टक्क्यांपर्यंत घटली. फरक पडला तो त्या-त्या मातीतल्या आधीच्या जीवसृष्टीमुळे.

दुसरा प्रश्न दर्जाचा. भारतात मायकोरायझाचं जैवखत खत नियंत्रण आदेशाखाली येतं आणि त्यासाठी निकष ठरलेले आहेत. तरीही घेताना डोळे उघडे ठेवा. अनेक देशांतल्या चाचण्यांमध्ये बाजारातल्या काही पाकिटांत जिवंत बुरशी जवळपास नसल्याचं आढळलं आहे.

घेणार असाल तर हे लक्षात ठेवा:

- उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख बघा. बुरशी जिवंत असते. उन्हात तापलेल्या दुकानातलं जुनं पाकीट म्हणजे नुसती भुकटी.
- ती मुळांना लागेल अशी द्या. रोप लावताना खड्ड्यात टाकलेली उपयोगी पडते, वर भुरभुरलेली फारशी नाही.
- पालक, मुळा, कोबी, मोहरी यांच्या कुंडीत टाकून उपयोग नाही. मिरची, टोमॅटो, वांगी, मेथी, कोथिंबीर, जास्वंद यांना चालेल.
- सोबत जास्त स्फुरदाचं खत देऊ नका. १९:१९:१९ किंवा हाडांचा चुरा सढळ हाताने टाकला तर हाकच जाणार नाही. कंपोस्ट किंवा कुजलेलं शेणखत बेताने द्या.
- कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं त्याच मातीत ओतू नका. ती रोगाच्या बुरशीसोबत हिलाही मारतात.
- जंगलातली माती चांगली म्हणून येऊरहून पिशवी भरून आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे. ओळखीच्या बागेतल्या जुन्या, निरोगी झाडाखालची मूठभर माती पुरते.

आणि खर्च न करता करण्यासारखी गोष्ट म्हणजे माती सतत उकरू नका आणि कुंडी किंवा वाफा महिनोन्महिने रिकामा ठेवू नका. एक पीक संपलं की दुसरं काहीतरी लावा, मग ती मेथीची जुडी का असेना. जिवंत मूळ असेल तर हाक मारायला कुणीतरी असेल आणि ऐकणारी बुरशीही टिकेल.